किल्ट नेसायचा कसा: ऑफिस आणि रोजच्या वापरासाठी, पहिल्या मापापासून कपाटात टांगेपर्यंत

नोव्हेंबर उजाडला की मला तेच ते फोटो यायला लागतात. एडिनबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन, सगळीकडून. ऑफिसात ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे, म्हणजे स्कॉटलंडचा राष्ट्रीय दिवस आहे, नाहीतर २५ जानेवारीचं बर्न्स सपर, म्हणजे कवी बर्न्सच्या जन्मदिवसाचं जेवण आहे, आपला एखादा मराठी मुलगा हौसेने किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पारंपरिक कपडा, घेतो, घालतो, आरशासमोर उभा राहून फोटो काढतो आणि पाठवतो, दादा बरोबर आहे ना बघ. आणि फोटोत जवळजवळ दरवेळी तीच चूक. किल्ट जीन्ससारखा कमरेच्या हाडांवर ठेवलेला, त्यामुळे खालची कड नडगीवर आलेली, स्पॉरन, म्हणजे पुढे टांगायची पिशवी, लोंबतंय मांड्यांमध्ये. प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहितो. मी एडिनबऱ्यात नोकरी करतो, गेली काही वर्षं आठवड्यातून एखादा दिवस तरी किल्टमध्ये ऑफिसला जातो, आणि खाली जे लिहिलंय ते सगळं रोज वापरून झालेलं आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. आपण पँट घालतो, शर्ट घालतो, पण धोतर नेसतो, लुगडं नेसतो. किल्ट हा नेसायच्या घरातला कपडा आहे. पूर्ण किल्टला ८ वार कापड लागतं, म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार कमी. फरक इतकाच की निऱ्या रोज घालाव्या लागत नाहीत, त्या मागच्या बाजूला शिवून पक्क्या केलेल्या असतात, पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि पट्ट्यांनी बांधले जातात. पँट म्हणून विचार केलात तर माप चुकणार, उंची चुकणार, बसणं पण चुकणार. नेसायचा कपडा म्हणून विचार केलात की निम्मं आपोआप जमतं.

१. घ्यायच्या आधी: कापड आणि वजन

किल्ट रोज वापरायचा की वर्षातून एकदा, हे ठरवल्याशिवाय दुकानात जाऊ नका. एकदाच हवा असेल तर भाड्याने घ्या, स्कॉटलंडात जवळपास प्रत्येक गावात भाड्याने मिळतो, मोजे-बुटांसकट सगळा सेट. पण ते सेट लग्नासाठी बनवलेले असतात, त्यातलं जॅकेट संध्याकाळच्या समारंभाचं असतं, ते घालून मंगळवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला जाऊ नका, विचित्र दिसतं.

रोजसाठी विकत घ्यायचा असेल तर कापडाचं वजन हा मुख्य प्रश्न आहे. लोकरीचं टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड, औंसात मोजतात, पूर्ण पन्ह्याच्या एका वाराचं वजन. १६ औंस म्हणजे जड, १३ म्हणजे मध्यम, १० किंवा ११ म्हणजे हलकं. आपल्या लोकांना वाटतं हलकं बरं, उकडणार नाही. पण हलक्या कापडाला पडण्याचं वजनच नसतं, निऱ्या विस्कटतात आणि वाऱ्यात उडतात. जड किल्ट साधारण दोन किलोचा भरतो पण तो जागेवर राहतो. मला विचाराल तर एडिनबऱ्यात रोज चालत जाणाऱ्याने १६ औंस घ्यावा, आणि ऑफिसात हीटिंग फार असेल तर १३. ८ वाराचा जड वाटला तर ५ वाराचा पण शिवून मिळतो, त्यात निऱ्या कमी आणि उथळ असतात, रोजच्या वापराला तो काही वाईट नाही.

पॉलिव्हिस्कोज म्हणून एक मिश्र कापड येतं, ते स्वस्त पडतं, घरी धुता येतं आणि पुण्यात कुणाच्या लग्नाला न्यायचा असेल तर उकाड्यात तेच बरं. पण एडिनबऱ्याच्या रॉयल माईल रस्त्यावर पर्यटकांसाठी जे अगदी स्वस्तातले अ‍ॅक्रिलिकचे टांगलेले असतात ते रोजच्या वापरासाठी घेऊ नका. निऱ्या आठवड्याभरात पसरतात आणि मग कितीही इस्त्री करा.

हाताने शिवलेला ८ वाराचा लोकरीचा किल्ट कित्येक शे पौंडांचा असतो आणि शिवून मिळायला काही आठवडे सहज जातात. ३० नोव्हेंबरला हवा असेल तर नोव्हेंबरमध्ये ऑर्डर देऊन उपयोग नाही. घाई असेल तर चॅरिटी शॉपमध्ये आणि जुन्या किल्टच्या दुकानांत बघा, चांगला किल्ट माणसापेक्षा जास्त टिकतो त्यामुळे जुने उत्तम स्थितीत मिळतात.

टार्टन कुठलं घ्यायचं यावर लोक फार अडकतात, कारण स्कॉटिश घराण्यांची आपापल्या नावाची टार्टन असतात. आपल्या आडनावाचं टार्टन नाही मग आपण घालावा का, वगैरे. कुठलं टार्टन कुणी घालावं यावर कायद्याची बंदी नाही. एडिनबऱ्यात टार्टनचं सरकारी रजिस्टर आहे, २००९ पासून, पण ते नोंदणीसाठी आहे, परवानग्या द्यायला नाही. एक बाल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखलेलं मानतात, ते सोडा. ब्लॅक वॉच गडद निळं-हिरवं असतं, सगळ्यांना चालतं, ऑफिसला शोभतं आणि डाग दिसत नाहीत. पहिला किल्ट तोच घ्या आणि पुढे चला.

२. मापं: इथेच नव्वद टक्के घोळ होतो

पँटची कंबर ३४ आहे म्हणून किल्टला ३४ सांगितली की संपलं. पँट आपण बेंबीच्या बरीच खाली घालतो, किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, आणि तिथे पोटाचा घेर वेगळा असतो. बहुतेकांचा जास्तच.

तीन मापं लागतात:

कंबर: बेंबीच्या रेषेत, शर्टावरून, पोट आत न ओढता. टेपखाली दोन बोटं सरकली पाहिजेत.

सीट: पार्श्वभागाच्या सगळ्यात रुंद जागी, टेप जमिनीला समांतर.

उंची: बेंबीच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे माप स्वतः घेऊ नका. खाली वाकून बघितलं की टेप हलते आणि इंचभर फरक पडतो. बायकोला, रूममेटला, कुणालाही सांगा, तुम्ही सरळ समोर बघत उभे रहा.

माझी मापं एडिनबऱ्यातल्या लीथ भागातल्या एका किल्ट शिवणाऱ्या बाईंनी घेतली होती. त्यांनी टेप लावायच्या आधी माझा बेल्ट काढायला लावला, मग दोन्ही हातांचे अंगठे बरगड्यांच्या खाली दाबून म्हणाल्या, इथे, हाडांवर नाही, मांसावर. बरगड्या संपतात आणि कमरेचं हाड सुरू होतं त्या मधल्या मऊ जागेत किल्ट बसतो. ती जागा बोटांनी एकदा शोधून ठेवा, पुढची प्रत्येक पायरी त्यावर आहे.

तपासा: किल्ट हातात आल्यावर नेसून दोन्ही गुडघे जमिनीवर टेका, टाचांवर न बसता कंबर ताठ ठेवा. कड जमिनीपासून जेमतेम इंचभर वर राहिली पाहिजे. जमिनीवर लोळत असेल तर एकतर किल्ट लांब आहे किंवा तुम्ही परत कमरेच्या हाडांवर आणलाय. आधी वर ओढून बघा, दुकानदाराशी नंतर भांडा.

३. ऑफिसात आधी बोला

स्कॉटलंडात ऑफिसात किल्ट घातला म्हणून कुणी फार दचकत नाही, पण तरी मॅनेजरला आधी एक ओळ लिहून टाका. परवानगी म्हणून नाही, कामाच्या जागेचे नियम असतात म्हणून. प्रयोगशाळेत केमिकल असतील तर उघडे पाय चालत नाहीत. फिरत्या मशीनजवळ सैल कापड आणि लोंबणारी साखळी दोन्ही धोक्याचं. हॉस्पिटलमध्ये युनिफॉर्म ठरलेला असतो. शिडीवर चढायचं काम असेल, जमिनीवर बसून केबल ओढायचे असतील, त्या दिवशी नकोच. डेस्कचं काम, मीटिंग, क्लायंटकडे भेट, यात काही अडचण येत नाही.

थांबा: मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीअन डू म्हणतात तिला, ती कामावर नेऊ नका. स्कॉटलंडच्या १९९५ च्या फौजदारी कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून अशी वस्तू जवळ असणं हे बचावाचं कारण धरलेलं आहे, पण तुमच्या ऑफिसच्या सिक्युरिटीला ते सांगत बसायची वेळ का आणायची. लग्नात, समारंभात ठीक. विमानात तर हँडबॅगेत अजिबात नको, चेक-इन सामानात टाका.

आणि एक भीती मला बरेच जण बोलून दाखवतात, आपण भारतीय, आपण घातला तर त्यांना राग येईल का. माझा अनुभव उलटा आहे. नीट नेसलेला असेल तर लोक खूश होतात, बस स्टॉपवरचे आजोबा थांबून टार्टन कुठलं विचारतात. त्यांना खटकतो तो थट्टा म्हणून घातलेला किल्ट, लाल केसांचा विग वगैरे लावून. आपल्या धोतराची कुणी फॅन्सी ड्रेससाठी वाट लावली तर आपल्याला पण खटकतंच ना.

४. घरी सराव, निदान दोन संध्याकाळी

पहिल्यांदा नेसून थेट ऑफिसला जायचं नाही. घरी दोन-तीन तास घालून वावरा. चाकाच्या खुर्चीत बसा-उठा, जिना चढा-उतरा, खाली पडलेलं पेन उचला, जेवा. पेन उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघे जोडून खाली बसायचं, ही सवय व्हायलाच दोन दिवस लागतात. कुठे घासतंय, कुठला पट्टा काचतोय ते पण कळतं. नव्या लोकरीची कड गुडघ्यामागे थोडी टोचते, त्याची सवय होते.

५. नेसायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याला वाटतो तसा नाही. किल्ट सगळ्यात आधी नसतो. किल्ट नेसल्यावर खाली वाकून मोजे-बूट घालायला गेलात की निऱ्या चुरगळतात, वर केलेला किल्ट खाली येतो आणि बकल पोटात रुततात. म्हणून पाय आधी.

पहिलं, आतलं. खाली काही घालायचं की नाही हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, माझं उत्तर सरळ आहे, कामावर जाताना घालायचं. गडद रंगाची, थोडी लांब शॉर्ट्ससारखी अंडरवेअर. स्वच्छतेसाठी पण आणि वाऱ्यासाठी पण. लोकर मांडीला चावते, हे तिसरं कारण.

दुसरं, शर्ट. रोजसाठी साधा एकरंगी. वरती टार्टन असताना चौकड्याचा शर्ट घालू नका.

तिसरं, मोजे. जाड लोकरीचे, गुडघ्यापर्यंत येतील असे. वर ओढा, मग वरची पट्टी खाली दुमडा. दुमडलेली कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटं असली पाहिजे. पांढरे मोजे लग्नाच्या भाड्याच्या सेटमध्ये येतात, ऑफिसला राखाडी, गडद हिरवे, निळे जास्त चांगले. फुटबॉलचे मोजे नकोत, ते दुपारपर्यंत घोट्यावर गोळा होतात.

चौथं, फ्लॅशेस. म्हणजे इलॅस्टिकची पट्टी आणि तिला लावलेल्या दोन रंगीत फिती. इलॅस्टिक मोज्याच्या दुमडीखाली लपवायचं, फितींची टोकं फक्त दिसली पाहिजेत, आणि ती पायाच्या बाहेरच्या बाजूला. समोर नाही, आत नाही. इलॅस्टिक फार घट्ट झालं तर संध्याकाळी पोटऱ्यांवर वळ उठतात, तेव्हा एक बोट आत जाईल इतकं सैल ठेवा.

पाचवं, बूट. रोजसाठी साधे लेसचे काळे किंवा तपकिरी बूट, हिवाळ्यात अँकल बूट. गिली ब्रोग म्हणजे जीभ नसलेले लांब लेसचे बूट, ते समारंभाचे. ते घातलेत तर लेस घोट्याच्या जरा वर दोन-तीन वेढे देऊन समोर किंवा किंचित बाहेरच्या बाजूला बांधायची. पोटरीभर क्रिसक्रॉस गुंडाळत गुडघ्याकडे नेऊ नका, फोटोत सगळ्यात आधी तेच दिसतं. आणि एडिनबऱ्याच्या पावसात जीभ नसलेले बूट म्हणजे मोजे ओले, दिवसभर.

आता किल्ट. सावकाश वाचा.

किल्ट मागे धरा, निऱ्या पाठीकडे, आतली बाजू अंगाला. दोन्ही टोकं दोन हातांत. उजव्या हातातला पदर आधी पुढून डावीकडे न्या, त्याच्या टोकाला पट्टा असतो. डाव्या कमरेजवळ कापडात एक चीर असते, पट्टा त्यातून आतून बाहेर काढायचा आणि बाहेरच्या बकलात अडकवायचा. ही चीर बरेच जण बघतच नाहीत, पट्टा आत तसाच मोकळा सोडतात आणि मग तासाभरात किल्ट फिरायला लागतो. मग डाव्या हातातला पदर वरून उजवीकडे आणा आणि उजव्या कमरेवरच्या बकलात लावा. उजवीकडे बहुतेक दोन बकलं असतात. वरचं घट्ट, हेच किल्ट धरून ठेवतं. खालचं नुसतं टेकलं पाहिजे, ते घट्ट केलंत तर पुढचा पदर ताणला जातो आणि चालताना फाकतो.

म्हणजे बाहेरच्या पदराची मोकळी झालरवाली कड तुमच्या उजव्या हाताला आली. डावीकडे आली असेल तर उलटा नेसलाय, सोडून परत.

तपासा, आरशासमोर, एकेक करून:
- किल्टची वरची कड बेंबीच्या रेषेत किंवा किंचित वर.
- खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा तिच्या वरच्या टोकाला.
- पुढच्या पदरावर टार्टनची मधली उभी रेघ शर्टाच्या बटणांच्या सरळ रेषेत.
- मागून मोबाईलने फोटो काढा, निऱ्यांचा मध्य मणक्यावर. बाजूने बघितलं तर कड पुढे-मागे सारखी.
- पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात, तीन नाही.

सहावं, स्पॉरन. पुढची चामड्याची पिशवी. साखळी किंवा पट्टा किल्टच्या मागच्या लूपमधून न्या आणि मागे अडकवा. पिशवीची वरची कड बेल्टच्या बकलाखाली साधारण तीन-चार बोटं. खाली गेली तर चालताना मांडीवर आपटते. रोजसाठी साधं चामड्याचं, केसाळ आणि चांदीच्या पट्टीचं समारंभासाठी. किल्टला खिसे नसतात त्यामुळे सगळं यात जाणार, आणि मग लोक घराच्या किल्ल्या, गाडीची किल्ली, पॉवर बँक, सगळं कोंबतात. फोन, कार्ड आणि एक किल्ली, बस. बाकी बॅगेत. जड स्पॉरन दिवसभर किल्ट पुढून खाली ओढत राहतं.

सातवं, बेल्ट. रुंद चामड्याचा, पण फक्त वेस्टकोट नसेल तेव्हा. दोन्ही एकत्र घालायचे नसतात. किल्ट पट्ट्यांवर टिकतो, बेल्टवर नाही, तेव्हा बेल्ट आवळून किल्ट वर धरायचा प्रयत्न करू नका.

आठवं, पिन. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, झालरीच्या आत दोन बोटांवर. आणि ती फक्त वरच्या पदराला.

थांबा: पिन दोन्ही पदरांतून आरपार घालू नका. मी पहिल्याच महिन्यात हे केलं, वाऱ्यात उडू नये म्हणून दोन्ही पदर एकत्र टाचले, दुपारी खुर्चीवरून झटकन उठलो आणि वरच्या पदराला पाऊण इंचाची चीर. शिवून घेतली, अजून दिसते. पिन वजनासाठी असते, शिवणीसाठी नाही.

शेवटी वरचं. रोजसाठी स्वेटर किंवा ट्वीडचं आखूड जॅकेट. नेहमीचं सूटचं जॅकेट किल्टवर लांब पडतं, अर्धा किल्ट झाकतं आणि स्पॉरनवर येऊन फुगतं, म्हणून किल्टची जॅकेटं आखूड आणि पुढून कापलेली असतात. जॅकेट नसेल तर नुसता चांगला स्वेटर घाला, तो कधीच चुकत नाही. प्रिन्स चार्ली म्हणतात ते काळं जॅकेट बो टायसोबत संध्याकाळीच.

६. बसणं

यावर वेगळं लिहायचं कारण, नेसणं लोक एका दिवसात शिकतात आणि बसणं शिकतच नाहीत.

खुर्चीकडे पाठ करून उभे रहा, पोटऱ्या खुर्चीला टेकू दे. दोन्ही तळहात कमरेमागे ठेवून खाली गुडघ्यामागपर्यंत फिरवा, निऱ्या सरळ खाली दाबत, साडी नेसलेली बाई खुर्चीत बसताना हात फिरवते अगदी तसा. मग बसा. बसल्यावर पुढचा पदर दोन मांड्यांच्या मध्ये थोडा दाबून खाली सोडा, स्पॉरन त्यावर येऊन पडतं आणि त्याचं वजन कापड जागेवर ठेवतं. गुडघे जवळ. पाय पसरून बसायची सवय पँटची आहे, समोर लोक बसलेल्या मीटिंगमध्ये ती लक्षात ठेवा.

हात न फिरवता बसलात तर निऱ्या आडव्या मोडतात, आठ तास तशाच दाबल्या जातात आणि मग उठल्यावर मागून जुन्या अकॉर्डियनसारखं दिसतं. दिवसातून वीस वेळा बसाल तर वीस वेळा हात फिरवायचा. दोन आठवड्यांत हात आपोआप जातो.

खुर्चीचे हात खाली असतील तर त्यात निऱ्या अडकतात, उठताना आधी दोन्ही बाजू मोकळ्या करा.

डबा खाताना मांडीवर रुमाल. हळदीचा डाग लोकरीवर पडला तर चोळू नका, गरम पाणी तर मुळीच लावू नका, लोकर आटते. कोरड्या टिश्यूने टिपा, मग गार पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने हलकं टिपत रहा, आणि तरी राहिला तर ड्रायक्लीनला द्या.

७. बाहेर: वारा, जिने, बस, टॉयलेट

एडिनबऱ्यात वेव्हर्ली स्टेशनमधून प्रिन्सेस स्ट्रीटला वर येणारा जिना माहिती असेलच, तिथे वारा खालून वर येतो. १० औंसाच्या किल्टमध्ये माझा एक मित्र तिथे पार गडबडला, दोन्ही हातांत सामान होतं आणि किल्ट मागून थेट कमरेपर्यंत. वाऱ्याच्या दिवशी एक हात मोकळा ठेवा, लॅपटॉपची बॅग पाठीवर न घेता खांद्यावरून आडवी घ्या म्हणजे ती मागच्या निऱ्यांवर बसते. पाठीवरची सॅक मागून किल्ट वर सरकवते, हे बरेच जणांना कळतच नाही, सॅक उतरवल्यावर मागची कड नेहमी हाताने तपासा.

काचेचे जिने, जाळीचे जिने असलेल्या ऑफिसात भिंतीच्या कडेने चढा, हात मागच्या निऱ्यांवर. लिफ्ट असेल तर सरळ लिफ्ट.

बसमध्ये ओल्या सीटवर बसू नका. गाडी चालवत असाल तर स्पॉरन बाजूला कमरेवर सरकवा, नाहीतर सीटबेल्टखाली दाबलं जातं. गाडीतून उतरताना दोन्ही गुडघे एकत्र बाहेर, मग उभं राहायचं. तीन-चार तासांचा प्रवास असेल तर किल्ट मागच्या सीटवर सपाट ठेवा आणि पोचल्यावर नेसा.

टॉयलेटचं पण विचारतात आणि विचारायला लाजतात, म्हणून लिहितो. उभ्याने जायचं तर स्पॉरन आधी कमरेवर बाजूला फिरवा, मग पुढचे दोन्ही पदर एकत्र वर उचला. बसायचं तर मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी पूर्ण वर घेऊन मांडीवर पुढे आणा, कड जमिनीला लागता कामा नये. बाहेर येण्याआधी मागून एकदा हात फिरवा.

आणि किल्टखाली काय हा प्रश्न येणारच. हसून विषय बदला. पण कुणी गंमत म्हणून कड उचलायला हात पुढे केला तर ती गंमत नाही, तिथल्या तिथे स्पष्ट नाही म्हणा, ऑफिसात असेल तर एचआरला सांगा. पार्टीत दारू झाल्यावर हे होतं, आणि नव्या माणसाला वाटतं इथली पद्धतच असेल. नाहीये.

पाऊस: गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट घ्या. आखूड जॅकेटवरून पाणी ओघळून थेट निऱ्यांत जातं, आणि ओली कड गुडघ्यामागे दिवसभर घासते.

८. घरी आल्यावर

पट्टे सोडून किल्ट लगेच क्लिपच्या हँगरला, कमरपट्टीकडून धरून टांगा. एक-दोन तास उघड्यावर, मग कपाटात. ओला असेल तर हीटरवर टाकू नका, मोकळ्या हवेत वाळू दे. लागोपाठ दोन दिवस एकच किल्ट नको, लोकरीला एक दिवस दिला की निम्म्या घड्या स्वतःच निघतात.

धुणं फार कमी. लोकरीचा किल्ट मशीनमध्ये कधीच टाकायचा नाही. वर्षातून एखादवेळ ड्रायक्लीन, तेही किल्ट माहिती असलेल्याकडे. निऱ्यांची इस्त्री स्वतः करायची तर आधी प्रत्येक निरी खालच्या कडेपाशी कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, सुईदोरा साधा, अर्धा तास लागतो. वर ओलं सुती कापड, आणि इस्त्री उचलून दाबायची, घसरवायची नाही. टाके न घालता इस्त्री केलीत तर निऱ्या एकमेकींवर सरकतात आणि तिरक्या रेघा कायमच्या बसतात.

खरा शत्रू कसर आहे. उन्हाळ्यात कपाटात ठेवून दिला आणि नोव्हेंबरला काढला तर भोकं. ठेवायच्या आधी स्वच्छ करा, कसर घाम आणि जेवणाच्या डागांवर आधी येते, मग बंद कापडी पिशवीत, सोबत सीडरच्या लाकडाचे तुकडे. डांबराच्या गोळ्या पण चालतात पण वास पंधरा दिवस जात नाही, आणि शेजारच्या डेस्कवाल्याला तो तुमच्याआधी येतो. दर दोन महिन्यांनी बाहेर काढून झटका.

भारतात नेताना बॅगेत घडी घालू नका. किल्ट पलंगावर सपाट पसरा, निऱ्या सरळ करा, कमरेच्या एका बाजूकडून सुरू करून आडवा गुंडाळत जा, चटईसारखा, म्हणजे निऱ्या उभ्याच राहतात. मग बायकोच्या जुन्या टाइट्सचा एक पाय कापून त्या गुंडाळीवर चढवा, ती घट्ट धरून ठेवते. मुंबईला उतरल्यावर काढून रात्रभर टांगलात की सकाळी नेसायला तयार.